तळ्यातला बांगडा

ही हकिगत मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. पनवेलची जुनी मंडळी कुठे लग्नाकार्यात भेटली की जेवणं झाल्यावर कुणीतरी "बांगडा सरां"चा विषय काढतो. सगळे हसतात. मीही हसतो, आणि विषय बदलेपर्यंत सुपारी कातरत बसतो. आता हसणारेही थोडेच उरलेत. सर तर केव्हाच गेले. माझी नव्वदी जवळ आली आहे. मीही गेलो की पनवेलच्या आठवणीत सर राहतील ते एक थापाडे गृहस्थ म्हणून. बाजारातून मासा विकत आणून तळ्यात पकडला म्हणून सांगणारे. ते तसे नव्हते. एवढं एक मला लिहून ठेवायचं आहे. बाकी जे येईल ते ओघात येईल.

सर आमच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. मी नुकताच देशावरून गणित शिकवायला आलो होतो, वर्षावर्षानं वाढवायच्या तात्पुरत्या नेमणुकीवर. पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना ताप आलेला दिसतो. दिवाळी नुकतीच सरली होती. पनवेलची थंडी ती काय, पहाटे एक चादर जास्त लागते इतकीच. पण सर कानटोपी, मफलर, धोतरावर गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट आणि चपलांत पायमोजे अशा थाटात वर्गात उभे होते. होळी पेटली की कानटोपी उतरायची. त्या दिवशी मुलं त्यांच्याकडे नवा माणूस आल्यासारखी बघायची.

त्यांच्या बऱ्याच गोष्टी अशा होत्या की ऐकणाऱ्याला थट्टा वाटावी. ते उत्तरपत्रिका तपासत तेव्हा "माहीत नाही" असं लिहिणाऱ्या मुलाला अर्धा मार्क देत आणि ठोकून दिलेल्या उत्तराला शून्य. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? सर म्हणाले, कुठल्याच नाही, पण खोटं शून्याच्या वर जाता कामा नये. दुकानदारानं वजनात चूक करून जास्त साखर दिली तर परत न्यायचे, आणि वर त्याच्या तराजूचा दांडा कुठे वाकलाय ते दाखवून यायचे. दुकानदार त्यांना टाळत. कुणी वाटेत "काय, बरं आहे ना?" असं विचारलं तर ते थांबत, क्षणभर विचार करत आणि खरंच काय बरं आहे, काय नाही, ते सांगत. त्यामुळे त्यांना कुणी फारसं विचारत नसे.

तर असा हा माणूस, घरचा कडक शाकाहारी, अंड्याला हात न लावलेला, वडाळ्याच्या तळ्यावर पहाटे गळ टाकून बसायचा. आणि तोही फक्त थंडीत.

याला कारण एक पुस्तक. मुंबईच्या फुटपाथवरून त्यांनी ते रद्दीच्या भावात आणलं होतं. कुण्या साहेबानं लिहिलेलं, थंडीत गोड्या पाण्यातली मासेमारी या विषयावर. त्या पुस्तकातले लोक गोठलेल्या सरोवरावर बसून, बर्फ फोडून खाली दोर सोडायचे आणि हातभर लांबीचे मासे काढायचे. सरांनी ते दोनदा वाचलं आणि निष्कर्ष काढला. तिथे बर्फ फोडून मासा लागतो, तर इथे का लागू नये? इथे तर फोडायलासुद्धा काही नाही.

स्टाफरूममध्ये या विषयावर रोज वाद चाले. दुसऱ्या बाजूला होते ड्रॉइंगमास्तर, घरात आठवड्यातून पाच दिवस मासळी शिजणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं साधं होतं. थंडीत तळ्यातला मासा मरगळतो, तळाशी बसतो, खातपीत नाही. पहाटे तिथे जाऊन बसणं म्हणजे नुसतं कुडकुडणं. सर म्हणत, बरोबर, तळाशी बसतो. का बसतो? कारण जड पाणी खाली असतं आणि तिथे ऊब असते. मग फळ्यावर आकृती निघे, तळं, तळ्याचा तळ, वरून खाली येणारे बाण. ड्रॉइंगमास्तर आकृती बघून म्हणत, मासा चांगला काढलात, आता फक्त पाण्यातून काढा.

तळ्यात जाळं टाकायचा एक आगरी होता. त्यानंही सरांना एकदा समजावलं. "थंडीचा मासा चिखलात निजतो, मास्तर. दुपारचे या. ऊन तापलं का वर येतो." सरांनी त्याचे आभार मानले आणि अडचण सांगितली. दुपारी शाळा असते. रविवारी नसते, पण रविवारी दुपारी ते झोपतात, आणि झोपेत व्यत्यय आला तर आठवडाभर निरीक्षणं बिघडतात.

मला ते बरोबर का नेऊ लागले, ते मला अजून कळलेलं नाही. मी गणिताचा, म्हणून बहुधा. तळ्याच्या पायऱ्यांवर बसायचं, बुचाच्या तुकड्याकडे बघायचं, आणि बूच हललं तर सांगायचं. बूच हलत नसे. गळाला लावायचं तेही शाकाहारीच. गांडुळाला हात लावणं सरांना जमत नव्हतं. ते घरून कणकेचा गोळा आणत. पहिल्या हिवाळ्यात साधी कणीक. दुसऱ्या हिवाळ्यात तिच्यात हिंग, मग मेतकूट. मासा काही परदेशी नाही, असं त्यांचं म्हणणं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, तो गोळा रोज रात्री मळून ठेवत, कारण गाईला घालायचा म्हणून त्यांना सांगितलं आहे, असं मी धरून चाललो होतो. पुढे कळलं, सरांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं. वहिनींनीच ते धरलं होतं आणि सरांना कुणी विचारलं नव्हतं.

बसल्या बसल्या ते थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडत. मग उठून पलीकडच्या घाटावर जात आणि तिथलंही मोजत, दोन ठिकाणचं ताडून बघायला. तेवढा वेळ काठी माझ्या हातात. मी तात्पुरत्या नेमणुकीचा, ते शाळेतले सर्वांत जुने. नाही म्हणायची सोय नव्हती. खोटं कशाला सांगू, मला त्यांची सोबत आवडायचीही. धुक्यात कानटोपीतून त्यांचा आवाज येई आणि ते चंद्राबद्दल, दह्याबद्दल, लोखंडाच्या गंजाबद्दल बोलत. पण पहाटेची झोप जाई ती जाईच. दुसऱ्या हिवाळ्यात पौष लागला आणि मला सर्दीनं धरलं, तेव्हा माझ्या मनात आलं, यांना एक मासा लागला ना, की हे सुटतील आणि मीही सुटेन.

संध्याकाळी मी मासळीबाजारात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. नाकाला रुमाल लावून पहिल्याच टोपलीपुढे उभा राहिलो. उरणची एक कोळीण होती, पन्नाशीची, केसात अबोलीचा गजरा.

"कंचा देऊ?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, कुठलाही एक, पण अख्खा.

तिनं मला खालीवर पाहिलं. "शालेतला मास्तर ना रं तू? तुमचेत मासली खातान?"

मी म्हणालो, मांजरीसाठी पाहिजे.

"आख्खा बांगडा? मांजर हाय का वाघ?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी पैसे टाकले आणि कागदात गुंडाळलेला मासा घेऊन सटकलो. बांगडा हे नाव मी ऐकलं होतं. तो कुठल्या पाण्यात राहतो, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी देशावरचा माणूस. मासे पाण्यात असतात इथवर माझं ज्ञान, आणि तळ्यात पाणी होतं.

मी राहायचो ते एका काकूंच्या घरात. काकू इतक्या सोवळ्या, की चातुर्मासात घरी कांदा आला तर मजला धुऊन काढतील. मासा मी खिडकीबाहेर दोरीनं टांगला. मांजरीची थाप मारली होती, तर आळीतली यच्चयावत मांजरं रात्रभर खिडकीखाली गात बसली. पहाटे मी निघालो तेव्हा काकू म्हणाल्या, मेल्या मांजरांना थंडी बाधली वाटतं.

तळ्यावर पोचल्यावर सर पलीकडच्या घाटावर तापमान बघायला गेले. मी गळ ओढला, मेतकुटाचा गोळा काढून फेकला, बांगड्याच्या तोंडात आकडा अडकवला आणि पाण्यात सोडला. मग हाक मारली, "सर, बूच गेलं!"

त्या वयाच्या माणसाला मी तसं पळताना पुन्हा कधी पाहिलं नाही. एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्या हातात थर्मामीटर. त्यांनी काठी ओढली. मासा हवेत गोल फिरला आणि त्यांच्या मफलरवर आपटला. ज्या माणसानं अंडंसुद्धा हातात धरलेलं नाही, त्यानं तो मासा दोन्ही तळव्यांवर घेतला. तो हालत नव्हता, हे त्यांच्याही लक्षात आलं.

"गारठलाय बिचारा," ते म्हणाले. आणि मफलर काढून त्यात त्याला गुंडाळलं.

मला वाटलं होतं, दोन दिवस कौतुक होईल आणि संपेल. पण सर शास्त्राचे. त्यांनी मासा थेट शाळेच्या प्रयोगशाळेत नेला, काचेच्या बरणीत औषधाच्या पाण्यात घातला, वर चिठ्ठी चिकटवली, "गोड्या पाण्यातील मासा. वडाळे तळे. पौष महिना, पहाट." आणि बरणी खिडकीत ठेवली, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी. मधल्या सुट्टीत त्यांनी स्वतः ड्रॉइंगमास्तरांना हाताला धरून तिथे नेलं. मागोमाग आम्ही सगळे.

ड्रॉइंगमास्तरांनी बरणी उचलली, फिरवली, पुन्हा फिरवली. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण वयाचा मान म्हणून ते आवरत होते.

"सर, हा बांगडा आहे."

"असेल," सर म्हणाले. "नाव मला माहीत नव्हतं. बदलून लिहितो."

"सर, बांगडा समुद्रात असतो. खाऱ्या पाण्यात. वडाळ्याच्या तळ्यात बांगडा म्हणजे…" पुढचं त्यांना बोलवेना. सगळी प्रयोगशाळा हसत होती. शिपाईसुद्धा. ही गोष्ट पनवेलमध्ये कुठल्याही मासे खाणाऱ्या पोराला माहीत होती. त्या खोलीत ती माहीत नसलेले दोघेच होते, एक सर आणि दुसरा मी.

हसणं ओसरल्यावर कुणीतरी म्हणालं, काय सर, बाजारात जरा विचारून तरी घ्यायचं. त्यावर पुन्हा हशा. सरांना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी कानटोपी काढली. होळी अजून दोन महिने लांब असताना.

"मी हा विकत आणलेला नाही," ते म्हणाले. "मी तो पाण्यातून काढला. हे होते तिथे." आणि माझ्याकडे बोट केलं. "सांगा यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. हसणं सरांवरून माझ्यावर आलं असतं, आणि तरुण माणसावरचं हसणं महिनाभरात विरतं. पण माझ्या डोळ्यांपुढे काकू उभ्या राहिल्या. त्यांच्या घरात रात्रभर मासा टांगलेला होता. त्याच सुमाराला त्यांच्या भाचीशी माझं जुळवायचं चाललं होतं. आणि हेडमास्तर माझी नेमणूक कायम करायची की नाही, हे त्याच महिन्यात ठरवणार होते.

"सरांनी पाण्यातूनच काढला," मी म्हणालो. "मी पाहिलं."

यात एक शब्द खोटा नव्हता. ड्रॉइंगमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, गुरुभक्ती चांगली आहे. म्हणजे माझ्या साक्षीनं उलटच झालं. सर खोटं बोलतायत, आणि त्यांचा शिष्य ते सांभाळून घेतोय, अशी सगळ्यांची खात्री पटली.

बाजारातून जाताना त्या कोळणीनं मला हटकलं. तोवर बांगड्याची बातमी तिच्या टोपलीपर्यंत पोचली होती.

"काय मास्तर, मांजर बरी हाय ना?"

मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, बाई, कुणाला सांगू नका.

"मी कशाला सांगू? मी मासली इकते, चुगल्या नाय." मग टोपलीवरचं फडकं सारखं करत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पन तू सांग. त्यो म्हातारा नाहक खोटा परला."

मी सांगतो म्हणालो. तिच्या टोपलीवरून पुन्हा कधी गेलो नाही. स्टँडला लांबच्या रस्त्यानं जायला लागलो.

मुलांनी काय केलं ते सांगायलाच नको. फळ्यावर बांगडे, बाकावर बांगडे. सरांनी ते सगळं शांतपणे पुसलं. बरणी त्यांनी काढली नाही. चिठ्ठीवर फक्त "गोड्या पाण्यातील मासा" ऐवजी "बांगडा" लिहिलं, आणि खाली "वडाळे तळे" तसंच ठेवलं. पण वार्षिक परीक्षेत एका पोरानं एका प्रश्नापुढे लिहिलं, "माहीत नाही, बाजारात विचारून सांगतो." सरांनी ती उत्तरपत्रिका स्टाफरूममध्ये बराच वेळ हातात धरली. मग त्याला शून्य दिलं. त्या परीक्षेपासून अर्धा मार्क बंद झाला. खरोखर माहीत नाही असं लिहिणाऱ्यांचासुद्धा.

त्यानंतरच्या थंडीत ते तळ्यावर गेले नाहीत. मी एकदा आपणहून विचारलं, जायचं का? ते म्हणाले, नको, तुम्हाला सर्दी होते. जूनमध्ये त्यांनी संस्थेच्या रोह्याकडच्या शाळेत बदली मागून घेतली. मी कायम झालो. काकूंची भाची माझी बायको झाली. ती काकूंइतकीच सोवळी निघाली, म्हणून तिलाही मी हे कधी सांगितलं नाही. ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली.

सरांना मी त्यानंतर एकदाच भेटलो. ते निवृत्त होऊन रोह्याजवळच्या आपल्या गावी राहत होते. आजारी आहेत असं ऐकलं. एसटीत बसताना मी वाक्य ठरवून घेतलं होतं. "सर, तो मासा मी लावला होता, मला क्षमा करा." पेणपर्यंत ते पाठ झालं, नागोठण्यापर्यंत त्यातला "सर" सुद्धा जड वाटायला लागला.

वहिनींनी दार उघडलं. पाणी दिलं, आणि आत जायच्या आधी मला ओसरीवरच थांबवलं.

"भावजी, एक विचारू? इतकी वर्षं विचारायचं राहिलंय." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "यांनी तो मासा विकत आणला होता का हो?"

मी म्हणालो, नाही वहिनी. सरांनी नव्हता आणला.

त्या मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, सगळं गाव म्हणत होतं, मलाही वाटलं, म्हातारपणी एकदा केली असेल लबाडी. मी कधी बोलले नाही, पण त्यांना ते कळत होतं. इतकी वर्षं त्यांनी माझ्यापुढे एकदासुद्धा तो विषय काढला नाही. असं म्हणून त्या डोळे पुसत चहा ठेवायला गेल्या. तेव्हाही मला पुढचं वाक्य बोलता आलं असतं. कुणी आणला, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

सर खाटेवर होते. बाहेर वैशाख होता आणि त्यांच्या अंगावर दुलई होती. मला बघून उठून बसले. जावई शेजारी होता, त्याला म्हणाले, हे माझे साक्षीदार, ज्यांच्याबद्दल सांगत असतो ते. मग अर्धा तास ते बोलत होते. पौषातली पौर्णिमेची भरती, खाडीतून गाढी नदीत चढणारं पाणी, नदीतून ओढा, ओढ्यातून तळं. त्यांनी सगळा मार्ग जुळवला होता. तरी दोन ठिकाणी तो जुळत नाही, हे त्यांनी स्वतःच मला दाखवलं. एक बांगडा एवढ्या लांब का आला असेल, याचा विचार करण्यात त्यांचं म्हातारपण चांगलं चाललं होतं. ते इतके खुशीत मी त्यांना पनवेलमध्ये पाहिले नव्हते.

"तुम्ही होतात म्हणून बरं," ते म्हणाले. "नाहीतर मलासुद्धा वाटलं असतं, मी स्वप्नात पकडला."

जावई औषध आणायला बाहेर गेला. आम्ही दोघेच राहिलो. मी खुर्ची जवळ ओढली.

"सर," मी म्हणालो, "तो मासा…"

"काय तो मासा?"

त्यांचे डोळे माझ्यावर होते. ऐकायला उत्सुक, आणखी काही नवीन निरीक्षण कळेल म्हणून.

"मोठा होता, सर," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हात दुलईबाहेर काढले आणि तळवे समोरासमोर धरून लांबी दाखवली. वीतभर. बोटभरही जास्त नाही.

"एवढाच होता," ते म्हणाले. "मोठा म्हणू नका."

"चुकलो, सर," मी म्हणालो.

ते लांबीबद्दलच आहे असं त्यांना वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं.